तिथे जाऊन पाणी कोण पिणार?

ज्या ठिकाणी आपल्यापैकी कोणीही कधीच पोचणार नाही, त्या ठिकाणाबद्दलचं आपलं ज्ञान खरं आहे हे ठरवायचं कसं? वाईच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवत असताना हा प्रश्न मला दर वर्षी ‘तर्कसंग्रहा’च्या त्याच पानावर गाठायचा. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, म्हणणं सरळ आहे. ज्ञान झालं एवढ्यानं ते खरं ठरत नाही, त्याचं खरेपण बाहेरून कळतं. लांबवर पाणी दिसलं, तहानलेला माणूस तिकडे गेला, ओंजळीत पाणी आलं, तहान भागली. मग ते ज्ञान प्रमा, म्हणजे खरं. हाताला वाळू लागली तर मृगजळ. मीमांसकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असतं, बाहेरून कळतं ते फक्त त्याचं खोटेपण. स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य हा वाद परीक्षेला हमखास यायचा, मुलं पाठ करून लिहायची आणि विसरून जायची.

एक मुलगा विसरला नाही. ‘‘बाई, पाण्यापर्यंत चालत जाता येतं. ताऱ्यापर्यंत कोण जाणार? मग ताऱ्यांबद्दलचं सगळं ज्ञान संशयात राहणार का कायमचं?’’ मी ग्रंथातलं उत्तर दिलं. त्या उत्तरानं त्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही. पुढे तो भौतिकीकडे वळला, पुण्याला गेला, आणि एका दिवाळीत त्याची जुनी आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण माझ्याकडे ठेवून गेला. मांढरदेवच्या रस्त्याला गावाचे दिवे मागे पडले की अजूनही बरा अंधार मिळतो. तिथे त्यानं मला जे दाखवलं त्यात शनीची कडी होती, गुरूचे चंद्र होते. पण मी अडकले ती फिकट, धुरकट, गोल ठिपक्यांपाशी. त्यांना प्लॅनेटरी नेब्युला म्हणतात, मराठीत ग्रहीय तेजोमेघ. ग्रहांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. विल्यम हर्शलला १७८०च्या दशकात ते दुर्बिणीतून ग्रहबिंबासारखे वाटले, म्हणून नाव पडलं आणि चिकटलं.

वस्तू काय आहे हे आता चांगलं ठाऊक आहे. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगतो, आपली बाहेरची आवरणं अवकाशात सोडून देतो, आणि मध्ये उरलेला विलक्षण तापलेला गाभा त्या वायूला उजळतो. वायू सेकंदाला वीस-तीस किलोमीटर वेगानं पसरत राहतो आणि दहा-वीस हजार वर्षांत विरून दिसेनासा होतो. विल्यम हगिन्सनं २९ ऑगस्ट १८६४च्या रात्री कालेय तारकासमूहातल्या अशाच एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला आणि तो ताऱ्यांचा पुंजका नसून वायू आहे हे कळलं. त्या वर्णपटात ओळखू न येणारी हिरवी रेषा होती. तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं, आणि १९२७मध्ये आयरा बोवेननं दाखवून दिलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आपला साधा ऑक्सिजन आहे.

म्हणजे हा वायू कशाचा बनलाय, किती तापलाय, किती वेगानं पळतोय, सगळं समजलं. ‘किती लांब आहे?’ एवढा एकच प्रश्न उरला, आणि तो विसावं शतक संपलं तरी नीट सुटला नव्हता. आपल्या आकाशगंगेत असे साडेतीन हजारांहून अधिक तेजोमेघ माहीत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं अंतर दुपटी-निमपटीनं चुकत होतं. अंतर चुकलं की मेघाचा आकार चुकतो, वय चुकतं, ताऱ्याचं तेज चुकतं, सगळा हिशेबच चुकतो.

अडचण अशी की इतर ताऱ्यांना लावायच्या युक्त्या इथे चालत नाहीत. सामान्य ताऱ्याचा रंग पाहून त्याचं खरं तेज सांगता येतं. या मेघांच्या मधले तारे इतके तापलेले असतात, आणि इतके झपाट्यानं बदलत असतात, की रंगावरून तेज सांगणं जमत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकलेला दिसतो, त्या सरकण्यावरून अंतर काढणं हा खरा राजमार्ग. बेसेलनं १८३८मध्ये तो खुला केला. पण हे मेघ बहुधा हजारो प्रकाशवर्षं लांब, आणि त्यांचं सरकणं जमिनीवरून मोजण्यापलीकडचं. थोडक्यात, प्रत्यक्ष संपलं. उरलं अनुमान.

इथे मला माझा जुना विषय परत भेटला.

मॉस्कोच्या योसिफ श्क्लोव्हस्कींनी १९५६मध्ये एक धाडसी गृहीतक मांडलं: प्रत्येक मेघातल्या चमकणाऱ्या वायूचं वस्तुमान सारखंच असतं, सूर्याच्या साधारण एक पंचमांश. हे मानलं की काम सोपं. ठरावीक वायू जितका पसरेल तितका त्याचा उजेड विरळ होणार. आकाशात मेघ किती रुंद दिसतो आणि किती उजळ दिसतो एवढं मोजा, अंतर हातात येतं. शेकडो मेघांची अंतरं एका झटक्यात निघाली. न्यायाच्या भाषेत सांगायचं तर श्क्लोव्हस्कींनी एक व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेली जोडी, गृहीत धरली: जिथे जिथे ग्रहीय तेजोमेघ, तिथे तिथे इतकं वस्तुमान.

अनुमानाचा सगळा जीव व्याप्तीत असतो. डोंगरावर धूर दिसतो म्हणून आग आहे असं म्हणतो, कारण धूर आगीविना नसतो. पण उलटं करून पाहा: आग आहे म्हणून धूर असणारच. हे चुकतं. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, अनुमानाच्या पोटात लपलेली न सांगितलेली अट. ‘तर्कसंग्रहा’चे कर्ते अन्नंभट्ट हे दोन ओळींत सांगतात आणि पुढे जातात. मी मात्र वर्गात यावर पूर्ण तास घालवायची, कारण माणसं फसतात ती बहुधा इथेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९२८मध्ये काढलेल्या ‘न्यायकोशा’च्या आवृत्तीत, भीमाचार्य झळकीकरांचा मूळ ग्रंथ आणि त्यावर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचा हात, उपाधीवरची नोंद वाचताना मला नेहमी वाटायचं की हे लोक प्रयोगशाळेत असते तर काय बहार आली असती.

श्क्लोव्हस्कींच्या व्याप्तीतही ओलं सरपण निघालंच. पुष्कळ तरुण मेघांत मधल्या ताऱ्याचा प्रखर अतिनील प्रकाश सगळ्या वायूपर्यंत पोचतच नाही. आतला भाग उजळतो, बाहेरचा अंधारात राहतो. आपण मोजतो तो फक्त उजळलेला भाग. चमकणाऱ्या वायूचं वस्तुमान एका मेघात सूर्याच्या शंभराव्या भागाइतकं असू शकतं, दुसऱ्यात जवळपास सूर्याइतकं. शंभरपटीचा फरक! गंमत अशी की गणितात ही चूक बोथट होऊन उतरते. वस्तुमान दहापट चुकलं तर अंतर सुमारे अडीचपटच चुकतं. त्यामुळे पद्धत साफ कोसळली नाही, लंगडत चालत राहिली. लंगड्या व्याप्तीवर माणसं वर्षानुवर्षं काम करत राहिली, कारण दुसरी चांगली मिळेना. मला यात निंदा करण्यासारखं काही दिसत नाही. पुढे व्याप्तीच बदलली. २०१६मध्ये फ्रू, पार्कर आणि बोयिचिच यांनी मेघाच्या पृष्ठभागाचं तेज आणि त्याची खरी त्रिज्या यांचं नातं तीनशेहून अधिक मेघांवर पारखून मांडलं, आणि चूक वीस-तीस टक्क्यांवर आली.

आता चार्वाक, ज्याला अनुमानच मान्य नाही. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त तो विचारतो: सगळे धूर आणि सगळ्या आगी तुम्ही पाहिल्यात का? गेलेल्या आणि यायच्या काळातल्यासुद्धा? नाही ना? मग व्याप्ती कसली? नैयायिक उदयनाचार्यांचं दहाव्या शतकातलं उत्तर असं की शंकेला मर्यादा आहे. शंका जर माणसाच्या स्वतःच्याच वागण्याला खोटं पाडत असेल तर ती थांबते. भूक लागली की चार्वाकही जेवतोच, म्हणजे अन्नानं भूक भागते या व्याप्तीवर त्याचाही भरवसा आहे. अद्वैती श्रीहर्षानं बाराव्या शतकात उदयनाचाच श्लोक घेऊन, थोडे शब्द फिरवून, त्याच्यावर उलटवला. संस्कृत वादग्रंथांत इतका खट्याळ प्रसंग मला दुसरा आठवत नाही.

मला उदयनाचं उत्तर जेवणापुरतं पटतं, तेजोमेघापुरतं पटत नाही. तेजोमेघाचं अंतर चुकलं म्हणून कोणी उपाशी राहत नाही. तिथे वागणं नाही, प्रवृत्ती नाही, तहान नाही. शंका मोकाट सुटू शकते. मग तिला आवरतं कोण?

आवरते दुसरी पद्धत. पहिलीशी जिचं काही देणंघेणं नाही अशी.

मेघ पसरतोय. तो सेकंदाला किती किलोमीटर पसरतोय ते वर्णपटावरून कळतं. आकाशात तो किती पसरला ते काही वर्षांच्या अंतरानं काढलेल्या दोन छायाचित्रांवरून कळतं. दोन्ही जुळवलं की अंतर निघतं. हगिन्सनं पाहिलेल्या त्याच मेघाची, ज्याला आता मांजराचा डोळा म्हणतात, हबल दुर्बिणीनं १९९४ आणि १९९७मध्ये छायाचित्रं घेतली. त्यावरून आलेलं अंतर सुमारे ३३०० प्रकाशवर्षं, आणि शेजारी लिहिलेली कमी-जास्त जवळजवळ नऊशे प्रकाशवर्षांची. इथेही ओलं सरपण आहे. छायाचित्रात सरकताना दिसते ती मेघाची कड, धक्क्याची लाट. वर्णपट सांगतो तो वायूचा वेग. लाट वायूपेक्षा जोरात जाते. हे लक्षात न घेतलं तर मेघ खऱ्यापेक्षा जवळचा वाटतो. उपाधी शोधणं म्हणजे काय, हे मला पोथीपेक्षा या उदाहरणानं जास्त समजलं.

संगतीवरूनही अंतर काढतात. मेघ एखाद्या तारकापुंजात असेल आणि पुंजाचं अंतर माहीत असेल तर प्रश्न मिटला. फ्रान्सिस पीजला १९२८मध्ये एम १५ या गोलाकार पुंजात असा मेघ सापडला. तो खरोखर त्या पुंजाचाच आहे, आपल्यापासून तीस हजारांहून अधिक प्रकाशवर्षं लांब. पण संगत फसवतेही. व्याधाच्या पूर्वेला एम ४६ नावाचा सुंदर पुंज आहे आणि त्याच्या ताऱ्यांत एक छोटं कडं दिसतं, एनजीसी २४३८. माझ्या आठ इंची दुर्बिणीतूनही ते ओळखू येतं, आणि पाहताक्षणी कोणीही म्हणेल, हे याच घरातलं. वेग मोजले तर पुंज आणि मेघ यांच्यात सेकंदाला तीसेक किलोमीटरचा फरक. इतक्या फरकानं कोणी पुंजात टिकत नाही. तो मेघ केवळ वाटेत उभा आहे.

मग आलं ‘गाया’. युरोपीय अवकाश संस्थेचं हे यान १९ डिसेंबर २०१३ रोजी उडालं आणि पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून जवळपास दोन अब्ज ताऱ्यांच्या जागा पुन्हा पुन्हा मोजत राहिलं. जानेवारी २०२५मध्ये त्याची निरीक्षणं थांबली. ज्या राजमार्गाचा आपण नाद सोडला होता, तो या यानानं शेकडो तेजोमेघांसाठी खुला केला. कुंभ राशीतल्या हेलिक्स तेजोमेघाचं अंतर २००७मध्ये अमेरिकेच्या नौदल वेधशाळेनं जमिनीवरूनच बरंचसं नेमकं काढलं होतं. गायानं ते सुमारे ६५० प्रकाशवर्षं असं पक्कं केलं. फ्रू आणि सहकाऱ्यांचं नातंही या नव्या मोजणीशी बऱ्यापैकी जुळलं. हे नातं आधी मांडलेलं होतं, मोजणी नंतर आली. नैयायिकांचा शब्द वापरायचा तर हा संवाद. तहान भागण्याच्या जागी इथे स्वतंत्रपणे आलेलं दुसरं ज्ञान येऊन बसलं.

गायाच्या यादीत एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर मी रात्रभर तिचाच विचार करत होते. लांबच्या ताऱ्यांचं सरकणं इतकं सूक्ष्म की मोजण्यातली गडबड त्याहून मोठी ठरते, आणि कधी कधी उत्तर शून्याच्याही खाली येतं. ऋण सरकणं. त्यावरून सरळ अंतर काढायला गेलं तर तारा ऋण अंतरावर आहे असं निघेल, ज्याला काहीच अर्थ नाही. चार्वाकाला याहून मोठी मेजवानी कोणती? पण ते आकडे गायाच्या यादीत जसेच्या तसे छापलेले आहेत. कोणी लाजून पुसले नाहीत. कारण शून्याखालचे तेवढे पुसून वरचे ठेवले, तर उरलेले सगळे तारे सरासरीनं खऱ्यापेक्षा जवळ भासतील. निरर्थक दिसणारा आकडा गाळणं हीच इथे खोटी साक्ष ठरते. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष पूर्ण मांडल्याशिवाय सिद्धांत मांडायचा नाही, असा दंडक होता. मला तो इथे जिवंत दिसला.

मध्ये वाईच्या कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर एका प्रवचनाला बसले होते. बुवा रसाळ बोलत होते. मध्येच म्हणाले, विज्ञानाला साध्या ताऱ्यांची अंतरंसुद्धा नक्की सांगता येत नाहीत, दर दहा वर्षांनी आकडे बदलतात. मग परमात्म्याबद्दल त्यानं बोलावं कशाला? टाळ्या पडल्या. पुढे म्हणाले, उलट आमच्या संतांचं पाहा, शेकडो वर्षांत शेकडो संत, आणि सगळ्यांचा अनुभव एकच.

पहिल्या वाक्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ‘माहीत नाही’ आणि ‘३३००, नऊशे कमी किंवा जास्त’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात अज्ञानालाही माप लावलेलं आहे. हे माप बुवांनी त्यांच्या विषयात लावून दाखवावं असा माझा आग्रह नाही. पण ते न लावता लावणाऱ्याला हसू नये.

दुसरं वाक्य जास्त विचार करण्यासारखं आहे, कारण त्यात संवादाचा दावा आहे: अनेकांची साक्ष जुळते, म्हणून ती खरी. तेजोमेघांच्या बाबतीत हाच घोळ बरीच वर्षं चालला होता. अंतराच्या वेगवेगळ्या पट्ट्या एकमेकींशी छान जुळायच्या, आणि मग लक्षात यायचं की त्या सगळ्या त्याच मोजक्या मेघांवरून आखलेल्या आहेत. एकाच गुरूच्या शिष्यांनी एकच उत्तर सांगितलं तर ती एकच साक्ष धरायची. संतांच्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही. माझी आजी आयुष्यभर ज्ञानेश्वरी वाचत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलंय. पण त्यांनी एकमेकांचे अभंग ऐकले होते, एकाच वारीला जात होते, एकाच विठ्ठलापुढे उभे होते. त्यांचं जुळणं प्रेमाचं आहे. पुरावा म्हणून ते पुढे केलं तर त्या प्रेमाचाच अपमान होतो असं मला वाटतं.

आणि जे उठसूट ‘विज्ञान सांगतं’ म्हणतात त्यांच्यावरही माझा रागच आहे. हेलिक्स ६५० प्रकाशवर्षं लांब आहे असं ठणकावून सांगणाऱ्या दहा जणांत नऊ जणांनी तो आकडा आप्तवाक्य म्हणूनच घेतलेला असतो. शब्दप्रमाण वाईट नाही, नैयायिकांनी ते मानलंच आहे; पण आप्त कोण हे तपासण्याची अटही त्यांनीच घातली आहे.

एक कोडं मात्र अजून तसंच आहे. देवयानी दीर्घिकेतले सगळे तेजोमेघ आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहेत, त्यामुळे त्यांची आपसांत तुलना करता येते. केली, तेव्हा दिसलं की त्या हिरव्या ऑक्सिजन-रेषेत कोणताही मेघ एका ठरावीक तेजापलीकडे जात नाही. जेकोबी आणि सियार्डुलो यांनी १९८९मध्ये ही मर्यादा दुसऱ्या दीर्घिकांची अंतरं मोजायला वापरली, आणि ती कोट्यवधी प्रकाशवर्षांवर आजही वापरतात. घरातल्या एकेका मेघाचं अंतर धड कळत नाही, पण परक्या दीर्घिकेतल्या मेघांच्या जमावावरून तिचं अंतर कळतं! आणखी विचित्र म्हणजे, ज्या दीर्घिकांत फक्त म्हातारे, हलके तारे उरलेत, तिथेही मर्यादा जवळजवळ तीच. तिथले तारे इतके तेजस्वी मेघ बनवू शकतात कसे, याचं सर्वांना मान्य होईल असं उत्तर नाही. म्हणजे व्याप्ती इथे पाहिलेली आहे, पारखलेली आहे, फक्त तिचं कारण हाताला लागलेलं नाही. व्याप्तीसाठी कार्यकारणाचं किंवा एकरूपतेचं नातं कळावंच लागतं, असं बौद्ध नैयायिक म्हणत. न्यायवाल्यांना अपवाद न सापडता पुन्हा पुन्हा पाहणं पुरे होतं. या एका बाबतीत मी माझ्या लोकांच्या बाजूनं.

गायाची चौथी यादी डिसेंबर २०२६मध्ये यायची आहे, साडेपाच वर्षांच्या निरीक्षणांची. हेलिक्सचा आकडा तीत फारसा हलायचा नाही. दूरच्या अंधूक मेघांचे मात्र पुष्कळ आकडे हलतील, काही ऋण सरकणी शून्याच्या वर येतील, काही खालीच राहतील, आणि ती यादीत छापली जातील.